हाडुचे हाड होऊ नये म्हणून

सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत जाणारा हमरस्ता हैदराबाद शहरात शिरतो, शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडतो आणि मलकपेट, दिलसुखनगर, एल. बी. नगर मागे टाकून विजयवाड्याकडे निघून जातो. पूर्वी याला नऊ नंबरचा हायवे म्हणत. आता पाटीवर ६५ असतो. नंबर बदलला तरी आपल्याकडच्या घरांचा या रस्त्याशी असलेला संबंध बदललेला नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा, बीदर-गुलबर्गा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे कुणाची आत्या तिकडे दिली, कुणाचे मामा तिकडे नोकरीला गेले. आता मुले संगणकाच्या कामासाठी जातात. दिलसुखनगर हे तर क्लासेस आणि हॉस्टेलांचे गाव. उमरगा, बसवकल्याण, कलबुर्गीकडचा एखादा मुलगा तिथे शिकायला गेला आणि तिथलाच होऊन राहिला, अशी उदाहरणे तुमच्याही नात्यात असतील.

अशा घरांची एक गंमत असते, आणि एक अडचणही. घरात वडील मराठी बोलतात, आई कानडी. शाळेत इंग्रजी आणि हिंदी, खाली खेळायला गेले की तेलुगू. पाच भाषा कानावर पडतात, पण मराठी आणि कानडी मुलांच्या वाट्याला येतात त्या फक्त “जेवायला ये”, “अभ्यास कर” एवढ्यापुरत्या. गाणे, गोष्ट, ओवी, पद यांना वेळ कुठला? तो वेळ मिळतो गाडीत. दिवाळीला, उरुसाला, लग्नाला सोलापूरकडे निघाले की तीनशेहून अधिक किलोमीटर, सहा-सात तास सगळे एका डब्यात बसलेले. टीव्ही नाही, क्लास नाही. त्या वेळात गाडीतून जे वाजते तेच मुलांच्या लक्षात राहते.

म्हणून आज जरा वेगळा विषय. गाडीत गाणी वाजवायची तर ती कसली वाजवायची? साधी एमपीथ्री पुरे, की हल्ली ज्याचा बोलबाला आहे ती ‘फ्लॅक’, ‘हाय-रेझ’ वगैरे उंची फाइलच हवी? हा प्रश्न तरुण मंडळींचा वाटेल. पण थोडे पुढे वाचा. त्यात तुमच्या ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटचाही प्रश्न गुंतलेला आहे.

फाइलचे वजन

आधी थोडा हिशेब पाहू. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. सीडीवर आवाज कसा उतरवतात, तर दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे माप घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरल्या तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. म्हणजे एका मिनिटाला साडेदहा एमबीच्या आसपास. तासाभराचा राग घेतला तर सव्वासहाशे एमबी.

इंटरनेट जेव्हा टेलिफोनच्या तारेतून टिकटिक करत यायचे, तेव्हा एवढे ओझे परवडणारे नव्हते. त्यातून एमपीथ्री निघाली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, हे तिच्यामागचे सूत्र. मग तो बारीक आवाज लिहायचाच कशाला? तो टाकून द्यायचा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला एक एमबीसुद्धा घेत नाही. म्हणजे सीडीतला अकरा भागांतला एकच भाग ठेवला, बाकी टाकला. ३२० केबीपीएसची फाइल मिनिटाला सुमारे अडीच एमबी घेते. तिच्यात टाकणे बरेच कमी असते.

फ्लॅकचे तसे नाही. २००१ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. ती काहीही टाकून देत नाही. चादरी घडी घालून ट्रंकेत बसवाव्यात तसे ती आवाजाची घडी घालते. साधारण निम्म्या, फार तर साठ टक्के जागेत बसते आणि घडी उलगडली की जसेच्या तसे परत मिळते. एमपीथ्री म्हणजे चादरीचे काठ कापून ती लहान पिशवीत कोंबणे. पिशवी लहान होते, पण कापलेले काठ पुन्हा येत नाहीत.

इथे एक सावधगिरी. बाजारात किंवा मित्रांकडून ‘फ्लॅक’ म्हणून मिळणारी प्रत्येक फाइल खरी असेलच असे नाही. कुणी १२८ची एमपीथ्री घेऊन तिचीच फ्लॅक बनवली, तर फाइल पाचपट जाड होते आणि आवाज तोच राहतो. पाणी घातलेल्या दुधाला मोठे पातेले दिले म्हणून साय वाढत नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून तिचा आलेख पाहिला, तर सोळा हजार हर्ट्झच्या आसपास सपाट कापलेली रेघ दिसते. तशी दिसली की बहुधा मूळ हलके आहे असे समजावे. पण जुनी ध्वनिमुद्रणे पाहताना घाई करू नये. साध्या कॅसेटवर त्या उंचीवर मुळातच फारसे काही नसते.

सेलरमधली परीक्षा

माझा भाचा दिलसुखनगरला चैतन्यपुरीच्या बाजूला राहतो. सून कलबुर्गीची. गाडी घेतल्यावर त्याने चांगले स्पीकर बसवून घेतले आणि २४ बिटांच्या फाइलींनी भरलेला पेनड्राइव्ह लावला. “मावशी, फरक बघ,” म्हणाला. मी म्हटले, “बघते की. पण आधी सांगू नकोस कुठली फाइल कुठली.”

हैदराबादेत अपार्टमेंटखालच्या पार्किंगला ‘सेलर’ म्हणतात. तिथे गाडी बंद ठेवून, काचा लावून बसलो. एकच ख्याल तीन तऱ्हांनी लावला: १२८, ३२० आणि फ्लॅक. मागच्या सीटवर माझी बहीण, पुढे सून, मधे नऊ वर्षांची नात. १२८ची फाइल चौघींनाही ओळखता आली. तंबोऱ्याची झार विरघळल्यासारखी वाटत होती आणि तबल्याच्या चाटीचा कडकपणा गेला होता. ३२० आणि फ्लॅक यांत मात्र कुणालाच पैजेवर सांगता आले नाही. नंतर तीच फाइल घेऊन मेट्रोच्या खांबांखालून कोठापेटपर्यंत गेलो. बसचे हॉर्न, रिक्षा, दुचाकी आणि वर एसीचा पंखा. तिथे १२८ ओळखणेही अवघड झाले.

याला कारण आहे. साध्या गाडीत काचा बंद असल्या तरी हायवेच्या वेगाला आत ६५ ते ७५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो. टायर, वारा, इंजिन. गाणे तुम्ही ८५पर्यंत चढवले, तरी मधे उरते दहा-वीस डेसिबलची पट्टी. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, २४ बिटांत त्याहून कितीतरी जास्त. हा सगळा पल्ला गाडीत रस्त्याच्या आवाजाखाली बुडालेला असतो. त्यातून रस्त्याची घरघर असते खालच्या पट्टीची, म्हणून आधी बुडतात ते तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्गा. मग लोक बेस वाढवतात, मग गायकाचे शब्द झाकले जातात, मग आवाज आणखी चढवतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते, मुलांसाठी ७५. आवाज जसा वाढतो तशी ही मुदत झपाट्याने कमी होते. मागे लहान मुले बसलेली असताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

तेव्हा गाडीपुरते उत्तर सोपे आहे. ३२०ची नीट केलेली एमपीथ्री किंवा सीडीच्या दर्जाची फ्लॅक, यापुढे जाण्यात गाडीत काही लाभ नाही. ९६ हजार मापांच्या, २४ बिटांच्या फाइली सोलापूर रस्त्यावर वाजवणे म्हणजे भर बाजारात कानगोष्ट करण्यासारखे आहे.

मधली वाट

फाइल चांगली असून गाडीत आवाज पातळ का येतो? बहुतेक वेळा दोष मधल्या वाटेचा असतो. फोनवर फ्लॅक आहे आणि ती ब्लूटूथने गाडीला जोडली, तर फ्लॅक तशीच जात नाही. ब्लूटूथ तिला पुन्हा दाबते. सगळीकडे चालणारी साधी पद्धत एसबीसी, तिची चांगल्यात चांगली धाव सुमारे ३२८ केबीपीएस. काही अँड्रॉइड फोनांत एलडॅक ही पद्धत असते, ती ९९०पर्यंत जाते, पण गाडीच्या यंत्रातही ती असावी लागते. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढ्याच पद्धती वापरतो. म्हणून उंची फाइल हवीच असेल तर वायर लावा. यूएसबीने जोडलेले अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, नाही तर सरळ पेनड्राइव्ह. बिनवायरीचे कारप्ले आवाजासाठी वायफाय वापरते, त्यामुळे तेही ब्लूटूथपेक्षा बरे.

जुन्या गाड्यांत ऑक्सची गोल पिन असते. तिच्यातून फोन लावला आणि तोच फोन चार्जिंगलाही लावला, तर कधी कधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी ऐकू येते. ती फाइलचा दोष नाही की स्पीकरचाही नाही. चार्जर काढून पाहा, शिट्टी गेली तर कारण तेच.

पेनड्राइव्हची काही पथ्ये आहेत. पुष्कळ गाड्यांची यंत्रे फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात. लॅपटॉपवर छान चाललेला पेनड्राइव्ह गाडीत मुका राहिला तर पहिला संशय यावर घ्यावा. गाडी फ्लॅक वाचते की नाही हे तिच्या पुस्तिकेत असते. फाइलींची नावे देताना पुढे ०१, ०२ असे आकडे टाकावेत, नाही तर द्रुत आधी आणि विलंबित नंतर असा उलटा संसार होतो. कित्येक यंत्रांना देवनागरी किंवा कानडी लिपी दाखवता येत नाही, तिथे नुसत्या चौकटी उमटतात. तेव्हा गाडीच्या प्रतीवर नावे इंग्रजी अक्षरांत ठेवावीत. घरच्या प्रतीवर मात्र आपल्या लिपीतच लिहावीत. आणि एक, मैफल किंवा कीर्तन तुकड्यांत कापलेले असेल तर एमपीथ्रीत जोडावर क्षणभर खंड पडू शकतो. अशा वेळी सगळे एकाच फाइलमध्ये ठेवलेले बरे.

हे सगळे घरी, गाडी उभी असताना करायचे. हुमनाबादच्या पुढे शंभरच्या वेगात पडद्यावर बोट फिरवत बसायचे नाही. गाणे बदलायचे काम शेजारच्या माणसाला द्यावे.

पणजी पाण्यात बसून गाते का?

आता खरा मुद्दा. त्या दिवशी सेलरमध्ये परीक्षा संपल्यावर भाच्याने फोनवरून एक फाइल लावली. ती आमच्या आईची, त्याच्या अज्जीची. आईचे माहेर इंडी तालुक्यातले, सासर सोलापूरचे. पाळण्यावर कानडी जोगुळ म्हणायची आणि जात्यावर बसली की मराठी ओव्या. लग्नानंतर सासूकडून शिकलेल्या. कधी कधी एक कडवे कानडी, दुसरे मराठी, आणि आपण भाषा बदलली हे तिच्या गावीही नसे. १९८७ साली भाच्याच्या बारशाला मेव्हण्यांनी नवा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर तिचे तासभर गाणे भरलेले आहे.

ही फाइल घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच वर्षे फिरते आहे. घरातल्या कुणीतरी टेपसमोर मोबाइल धरून व्हॉइस नोट करून पाठवलेली. फोनच्या छोट्या पडद्याशी कान लावून ऐकताना ती ठीक वाटायची. नव्या स्पीकरवर लावली आणि सगळे गप्प झाले. आवाज नळातून आल्यासारखा, शब्दांच्या कडा झिजलेल्या, मधेच गुळगुळ. नात म्हणाली, “पप्पा, पणजी पाण्यात बसून गाते का?”

पोरीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. व्हॉइस नोट बोलण्यासाठी केलेली सोय आहे. ‘दूध आणलंस का’ एवढे पोचले की तिचे काम झाले. त्यामुळे ती आवाज फार घट्ट दाबते. त्यात गाणे घातले की स्वर लांबवताना अशी पाण्याची थरथर येते. एकट्या बाईचा, साथीशिवायचा आवाज दाबणे तर सगळ्यांत कठीण. एमपीथ्री घडवणारे जर्मन संशोधक कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांची हकिगत प्रसिद्ध आहे. सुझान वेगा या अमेरिकी गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीशिवाय गायलेले गाणे त्यांनी परीक्षेला घेतले, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत ते इतके वाईट वाजले की त्यावरच पुन्हा पुन्हा काम करून त्यांना आपली पद्धत सुधारावी लागली. वाद्यांच्या गर्दीत चोरी लपते. एकट्या गळ्यात ती लगेच उघडी पडते. आपल्या अज्ज्यांची सगळी गाणी तर एकट्या गळ्याचीच.

कानडीत गाण्याला हाडु म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. अशा फाइलमध्ये हाडुचे मराठीतले हाड तेवढे उरते, अंगावरचे मांस जाते.

भाचा म्हणाला, “आणखी भारी ॲम्प्लिफायर बसवतो.” त्याला थांबवले. मूळ फाइल अशी असली की भारी यंत्र तिचे दोष अधिक स्पष्ट दाखवते. इलाज दुसऱ्या टोकाला होता, सोलापुरात बहिणीच्या ट्रंकेत. कॅसेट तिथे जरीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. बहीण म्हणाली, “अगं, ग्रुपवर आहे की ते सगळं. ती जुनी टेप आता कशाला?” पुष्कळ घरांत हेच म्हटले जाते, आणि त्याच दिवाळीत कॅसेटी भंगारात जातात. तिने ठेवली होती म्हणून निभावले.

टेप दुरुस्त करणारे एक जुने कारागीर सोलापुरात मिळाले. त्यांनी आधी कॅसेट एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून सैल केली. यंत्राचे हेड स्पिरिटने पुसले. मग टेप लावून हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवत आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते पाहिले. हे काम पाच मिनिटांचे असते, पण सगळा फरक तिथेच पडतो. मग टेपच्या मागच्या पिनेतून वायर थेट संगणकाला. ४८ हजार मापे, २४ बिट, कुठलीही गाळणी न लावता. तासाभराची वेव्ह फाइल सुमारे एक जीबीची झाली. फ्लॅक केली तेव्हा त्याहून बरीच लहान.

तुम्ही म्हणाल, कॅसेटवर मुळात एवढे असते तरी काय? वर तर म्हणालात की २४ बिट गाडीत वाया जातात! बरोबर आहे, ऐकताना वाया जातात. पण उतरवून घेताना त्यांचा उपयोग असतो. आई कुठे हळू गुणगुणते, कुठे मोठ्याने हसते. पातळी आधी नेमकी बांधता येत नाही. २४ बिटांत वर मोकळी जागा सोडून निर्धास्त भरता येते, आवाज फाटत नाही आणि बारीक भागही राहतो. शिवाय ही प्रत एकदाच करायची असते. दर वेळी वाजवताना टेप झिजते आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुर्मिळ होत चालली आहेत.

ती फाइल घेऊन बहीण आणि मी संक्रांतीनंतर दिलसुखनगरला गेलो. पुन्हा सेलर, पुन्हा बंद काचा. टेपची सुसू होती. ती आम्ही काढली नव्हती, कारण ती काढताना आवाजाचेही काही जाते. पण त्या सुसूच्या अलीकडे आई होती. तिचा ‘ळ’ ऐकू येत होता. कानडी कडव्यात निराळा, मराठीत निराळा. ओवीच्या शेवटी ती श्वास कुठे घेते ते कळत होते. मागे पंख्याची टकटक, कुणीतरी चहाला हाक मारतेय, आणि एक तान्हे मूल रडायला लागते. आई गाणे न थांबवता चाल जरा संथ करते आणि मूल गप्प होते.

सून म्हणाली, “हे कोण रडतंय?”

बहीण म्हणाली, “हा काय, तुझ्या शेजारी स्टिअरिंग धरून बसलाय तो.”

पुढे हायवेला लागल्यावर पंखा ऐकू आला नाही, सुसूही नाही. टायरच्या घरघरीत ते सगळे बुडाले. आई तेवढी ऐकू येत होती, आणि ती ३२०ची प्रत होती. सदाशिवपेठच्या आसपास नातीने विचारले, “जोगुळ म्हणजे काय?” सुनेने सांगितले. मग विचारले, “आणि मधेच मराठी का म्हणते?” ते सांगायला जहीराबाद येईपर्यंत वेळ लागला.

दोन प्रती, दोन कामे

म्हणून सांगते, गाडीची प्रत आणि जतनाची प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाडीची प्रत हलकी असू दे. हरवली, पुसली गेली, पेनड्राइव्ह बोनेटच्या उन्हात मेला, तरी दुसरी करता येते. जतनाची प्रत मात्र पूर्ण दर्जाची हवी आणि ती किमान तीन ठिकाणी: एक घरच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. सोलापूरची दिलसुखनगरला, दिलसुखनगरची सोलापुरात. व्हॉट्सॲपने पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग फाइल न दाबता जशीच्या तशी जाते. आणि फाइलबरोबर दोन ओळी लिहून ठेवा: कोण गाते, कुठे, कुठल्या साली, गाव कुठले. पन्नास वर्षांनी आवाज राहील, पण ओळख सांगणारे कुणी नसेल.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या कितीतरी टेपवर भरल्या गेल्या, आणि २०१७पासून ‘पारी’ने त्या लोकांसमोर आणल्या. तिकडे विजयपूर जिल्ह्यात हलसंगीच्या मधुरचेन्न, सिंपी लिंगण्ण या मित्रमंडळींनी त्याआधी कितीतरी वर्षे कानडी बायकांची दळणाची पदे गोळा केली. त्यांचे ‘गरतिय हाडु’ आजही नावाजले जाते. त्यांच्याकडे टेप नव्हती, कागद होता. शब्द राहिले, गळे गेले. आपल्याकडे गळा ठेवण्याचे साधन आहे, आणि आपण तो व्हॉइस नोटमध्ये ठेवतो!

नामवंतांची काळजी इतर लोक घेतील. गदगकडचे भीमसेन जोशी मराठीत अभंग आणि कानडीत दासांची पदे सारख्याच जिव्हाळ्याने गायले. गाडीचा त्यांना इतका शौक की दूरदूरच्या मैफलींना स्वतः चालवत जात. त्यांची ध्वनिमुद्रणे कंपन्यांकडे आहेत, आकाशवाणीकडे आहेत, रसिकांच्या कपाटांत आहेत. २०२१पासून ॲपल म्युझिकसारख्या सेवा पूर्ण दर्जाचे गाणे घरबसल्या देतात. प्रवासाला निघण्याआधी ते उतरवून घेतले की झाले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व, सगळे सीमेच्या दोन्ही बाजूंचे आणि सगळे मिळण्यासारखे. तुमच्या अज्जीची प्रत मात्र जगात एकच आहे, तीही बहुधा लोखंडी ट्रंकेत, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या.

या सुट्टीत एवढे करा. घरातल्या कॅसेटी काढा. प्लॅस्टिकच्या डबीवर काय लिहिले आहे त्यावर विश्वास ठेवू नका. सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटवरच पुष्कळांनी घरचे भरलेले असते. टेपला पांढरी बुरशी असेल तर ती तशीच यंत्रात घालू नका, जाणत्याला दाखवा. बरी असेल तर चांगल्या यंत्रावरून वायरीने, पूर्ण दर्जात एकदा उतरवून घ्या. मग तिची छोटी प्रत करून गाडीत टाका आणि पोरांना ऐकवा.

आणि ज्यांच्या घरी अज्जी अजून गातात, त्यांना तर टेपही शोधायला नको. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर उशीवर ठेवा, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये वरचा दर्जा निवडा आणि म्हणा, “अज्जी, ते पाळण्याचं म्हण की.” पहिल्यांदा त्या नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.